आक्काच्या दंडाचा दोरा

माझ्या बापाने मला दूध पाजले आणि माझ्या बहिणीची भाकरी अर्धी केली. दोन्ही गोष्टी पोरांच्या भल्यासाठीच केल्या असे तो आजही म्हणतो, आणि त्याला ते मनापासून वाटते. तो दुष्ट असता तर मी त्याच्याशी एकदाच भांडून मोकळा झालो असतो. पण तो दुष्ट नाही. तो पत्रके वाचणारा माणूस आहे. मीही तसाच झालो, म्हणून हे लिहिणे मला टाळता येत नाही.

आमची वाडी पोलादपूरहून दीड तासाच्या चढावर. बाबा मुंबईत गिरणीत. वाडीतल्या आठ-दहा माणसांबरोबर एका गाळ्यात राहायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा, गणपतीत आणि शिमग्यात. गाळ्याशेजारी तालीम होती. गिरणीत उभे राहून बाबाची कंबर धरलेली, त्यामुळे त्याने स्वतः कधी एक जोर काढला नाही. रविवारी तो तालमीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांचे जोर बघायचा. तिथे छापील पत्रके मिळत. व्यायाम करा, दूध प्या, पोरे बलवान करा, देश उभा राहील, अशा मजकुराची. बाबाला अक्षर लावून लावून वाचता येत होते. त्याने ती पत्रके वाचली आणि ठरवले की आपल्या घरातून देशाला एक पैलवान द्यायचा.

तो पैलवान म्हणजे मी. मला तेरावे चालू होते. छातीची फासळी न फासळी दिसत होती.

मुंबईहून पत्र आले. घरात वाचता येणारा मी एकटाच, म्हणून माझ्याविषयीचे हुकूम मीच मोठ्याने वाचून दाखवले. पोराला दोन वेळा म्हशीचे दूध द्यावे. पहाटे पन्नास जोर, शंभर बैठका. पोराला पाण्याला, मोळीला, गुरांमागे पाठवू नये. त्यात ताकद वाया जाते. आणि शेवटी, दर अमावास्येला पोराच्या दंडाभोवती सुतळी गुंडाळावी, दोन टोके जुळतील तिथे गाठ मारावी आणि ती सुतळी पाकिटातून पाठवावी. इंच लिहून पाठवले तर तो विश्वास ठेवणार नव्हता, कारण लिहिणारा मीच होतो. दोऱ्याला खोटे बोलता येत नाही, असे त्याने लिहिले होते.

माझ्याहून दीड वर्षाने मोठी बहीण होती. मी तिला आक्का म्हणतो. पत्र वाचून झाले तेव्हा ती चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती.

"म्हंजे तुझी मोळी पण आता मीच आणायची," ती म्हणाली.

"ताकद वाया जाते माझी," मी म्हणालो.

"आन माझी?"

आई हसली. मीही हसलो. तो प्रश्न होता हे आम्हा दोघांना कळलेच नाही.

आमच्या म्हशीचे दोन वेळचे मिळून तांब्याभर दूध निघायचे. पूर्वी त्याचे ताक व्हायचे आणि ते सगळ्यांच्या पेजेवर पडायचे. पत्र आल्यापासून ते दूध माझे झाले. ताक बंद झाले. सकाळी मी अंगणात गोधडीची घडी टाकून त्यावर जोर काढायचो. तेवढ्या वेळात आक्का खाली ओढ्यावरच्या झऱ्यावरून दोन खेपा पाणी आणायची. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि पायाखाली पाऊलवाट म्हणजे नुसते सुटे दगड. तिसरी खेप जेवणाआधी, चौथी संध्याकाळी. मधल्या वेळात रानातून मोळी. मी जोर मोजत असायचो. ती हंडा डोक्यावर घेऊन माझ्यासमोरून जाताना चिडवायची, "वीसच? मघाशी वीसच होतं. पैलवान झोपला काय गो आये?"

माझ्या त्या जोरांना आमच्या घरात व्यायाम म्हणत. तिच्या खेपांना काहीच म्हणत नसत.

पहिले दोन दोरे खरे गेले. मग कार्तिकात मला हिवतापाने धरले. महिनाभर एका दिवसाआड थंडी वाजून ताप. उठलो तेव्हा माझा दंड मनगटाएवढा झाला होता. अमावास्या आली. आईने सुतळी गुंडाळली, गाठ कुठे येते ते पाहिले आणि सुतळी मांडीवर ठेवून बसून राहिली.

"तुझ्या बापाला काय सांगू मी? म्हनंल, दूध पोराला घातलंच नाय. म्हनंल, बाजारात इकलंस."

"ताप आला होता म्हणून लिहितो की," मी म्हणालो.

"तुझं लिहिलेलं खरं धरतो काय तो?"

आक्काने डोक्यावरचा हंडा उतरवला, पदराने मान पुसली आणि दंड पुढे केला. "माझं माप घे. बाबा काय मुंबैतनं बघतोय?"

आईने आधी तिला वेड्यात काढले. मग दाराबाहेर बघितले. मग घेतले. आक्काच्या दंडावर गाठ माझ्या गाठीच्या पुढे दीड बोट आली. आम्ही तिघे पोट धरून हसलो. घरात इतके हसू त्यानंतर झालेले मला आठवत नाही.

बाबाचे उत्तर आले ते आनंदाने भरलेले. त्याने ती सुतळी गाळ्यातल्या एकेकाच्या दंडाला लावून बघितली होती. तालमीतल्या वस्तादाला दाखवली होती. वस्ताद म्हणाला होता, तेराव्या वर्षी हा दंड असेल तर पोरगा नाव काढील. दूध अंगी लागते आहे, असेच चालू ठेवा. मग पुढच्या अमावास्येलाही दोरा आक्काचाच गेला. त्याच्या पुढच्याही. खरे सांगायची सोय उरली नव्हती. दर महिन्याला दोरा वाढत होता, कारण आता माझी मोळीसुद्धा तीच आणत होती.

शिमग्याला बाबा आला. माझ्यासाठी त्याने लाल लंगोट आणला होता. पालखी यायची होती म्हणून भावकीतली माणसे आमच्या अंगणात जमली होती. बाबाने कनवटीतून दोरे काढले. जपून, कागदात गुंडाळून आणले होते. सगळ्यांसमोर त्याने मला उघडा केला आणि शेवटचा दोरा माझ्या दंडात चढवला. दोरा दंडावर थांबलाच नाही. कोपरावरून घसरला आणि मनगटापाशी येऊन लोंबला.

 मग आमचा एक चुलत आजा होता, तो म्हणाला, "काय रे, मुंबैच्या हवेत सुतळी पण वाढते काय?"

अंगण हसून फुटले. बाबाचा चेहरा काळा पडला. आई दारात उभी होती, तिने चौकट घट्ट धरली. आणि त्याच वेळी आक्का पाणी घेऊन वर आली. तिला काय झाले ते एका नजरेत कळले. आईला मार बसणार हेही कळले असेल. तिने हंडा उतरवला, चोळीची बाही वर केली आणि म्हणाली, "बाबा, तो दोरा माझा हाय."

माझ्या मनगटावरचा दोरा तिने स्वतः काढला आणि आपल्या दंडाला लावला. दोरा दंडावर बरोबर बसला.

ती हसत होती. हे मला लिहून ठेवायचे आहे, कारण पुढे ते हसू मी पाहिले नाही. तिला वाटत होते की बाबा खूश होईल. इतके महिने ज्या दंडाचे कौतुक त्याने गाळ्यात केले, वस्तादाला सांगितले, तो दंड घरातच होता. त्याच्या रक्ताचाच होता.

"आरं, पैलवान तर पोरगी निघाली!" चुलत आजा म्हणाला.

दुसरा कोणी म्हणाला, "हिला सून म्हणून नेतील का बैल म्हणून?"

झाले. त्या एका वाक्यावर माझ्या बहिणीचे खाणे ठरले. तिच्या बरोबरीच्या वाडीतल्या पोरी सासरी गेल्या होत्या आणि कशेडी घाटापल्याडच्या एका घराशी आमचे बोलणे चालू होते. पालखी पुढच्या घरी गेली तसा बाबा आत आला आणि चुलीपाशी उभा राहून आईला म्हणाला, "उद्यापास्नं हिला अर्धी भाकर. भात नको. माणसं बघायला यायची हायत. अशी थोराड दिसली तर म्हनतील, वय चोरलं. बाही पण लांब शिव हिची."

"मग पाणी कोण आणंल?" आईने विचारले.

"पाणी हीच आणंल. पाणी आणून कोण मेलंय?"

"आन दूध?"

"दूध पोराला. दोन येळचं सगळं."

मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात पेला होता. मी तो प्यालो. तेरा वर्षांच्या पोराला काय कळते, असे कोणी म्हणेल, तर त्याने म्हणू नये. मला कळत होते. दूध गोड होते.

पुढचे दोन महिने आईने आक्काला उपाशी राहायला शिकवले. शिकवले हाच शब्द खरा आहे. माझ्या जोरांना जशी शिस्त होती तशी त्यालाही होती. जेवायच्या आधी दोन तांबे पाणी पी, भूक फसते. लुगडे कमरेला आवळून नेस, पोट ओरडत नाही. घास बारीक कर. आधी आंबाडीची भाजी खा, भाकर मागून. हे सगळे आई स्वतःच्या आईकडून शिकली होती आणि इतक्या मायेने सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावे, स्वयंपाकातली एखादी खुबी सांगते आहे. आक्काला एकटे वाटू नये म्हणून तीही अर्धीच भाकर खायची. दोघी माझी पाठ फिरल्यावर जेवायला बसत.

एकदा मी पेल्यात निम्मे दूध ठेवले आणि पेला आक्काच्या बाजूला सरकवला. आईने पाहिले. थप्पड आक्काला बसली. नंतर गोठ्यात आक्का मला म्हणाली, "परत ठेवू नको रे. तुझं दूध मला महाग पडतं." मी परत ठेवले नाही. मला ते सोयीचेच होते.

लग्नाआधी पोलादपूरहून कासार बांगड्या भरायला आला. शिमग्याआधी त्याने माप घेऊन ठेवले होते आणि त्या मापाच्या बांगड्या आणल्या होत्या. त्याने पहिली बांगडी चढवली ती कसलाही जोर न लावता हातात गेली आणि थेट कोपरापर्यंत सरकली. कासार गोंधळला. हा हात त्या पोरीचाच का, असे त्याने विचारले. बाबा लग्नासाठी रजा काढून आला होता. तो ओसरीवर बसून बघत होता. म्हणाला, "आता कशी बरी दिसते."

वैशाखात लग्न झाले. आषाढात लावणी लागली आणि आक्काच्या सासूचा निरोप आला: पोरगी दिली की काडी दिली? दोन दिवस चिखलात वाकली आणि तिसऱ्या दिवशी आडवी झाली. हंडा उचलत नाही. घागरीनंही धाप लागते. निरोप मी पत्रात लिहून बाबाला कळवला. त्याचे उत्तर आले ते आईवर संतापलेले. घरात धान्य नव्हते काय? पोरीला खायला घालत नव्हतीस काय? माझे नाव घालवलेस.

ते पत्रही मीच मोठ्याने वाचून दाखवले.  त्या दिवशी मी पहिल्यांदा दूध नको म्हणालो, आणि बाबा काय म्हणेल म्हणून आई रडायला लागली, तेव्हा प्यालो.

पुढे मी महाडला शिकायला गेलो. बाबाच्या पत्रकांची सवय होतीच, महाडात आणखी मिळाली, आणि बाबाच्या पत्रकांपेक्षा ती धारदार होती. चवदार तळ्याच्या पाण्यावरून गावात लाठ्या चालल्या त्या साली मी तिथेच होतो. पाणी सगळ्यांचे आहे असे सांगणारी पत्रके मी आळीआळीतून वाटली. दोन घरांत शिव्या खाल्ल्या. एका घरात माझ्यावर बादली ओतली. पाण्याविषयी मला सगळे कळते अशी माझी समजूत झाली. ज्या पाण्याने मी वाढलो ते कोणाच्या डोक्यावरून आले, हे एकदाही आठवले नाही.

आणि मग मी स्वतः एक पत्रक लिहिले. आठ पानांचे, मुलींच्या व्यायामाविषयी. ते लिहिताना आक्का माझ्या डोळ्यांसमोर होती, मला रागही खरा आला होता, आणि तरी त्या आठ पानांत काय होते? मुलींनी सकाळी बारा नमस्कार घालावेत. रोज मोकळ्या हवेत एक मैल चालावे. आईबापांनी त्यांना उत्तेजन द्यावे. ते घेऊन मी गेल्या वर्षी मोटारीने कशेडी ओलांडून तिच्याकडे गेलो. किती अभिमानाने गेलो होतो, ते आठवून आज कान गरम होतात.

आक्का सुपात तांदूळ निवडत बसली होती. वाच म्हणाली. मी सगळे वाचले. तिने हातातले सूप थांबवले नाही.

"एक मैल?" ती म्हणाली. "रिकाम्या हातानं?"

मी हो म्हणालो.

"ते कधी चालायचं? तिसऱ्या हंड्याच्या आधी का मागनं?"

"आक्का, हे तुझ्यासाठीच लिहिलंय."

"बाबा पण माझ्यासाठीच बोलायचा," ती म्हणाली. "ह्यात भाकर कुठं हाय, दाव मला."

आठ पानांत भाकर नव्हती. मी बारा नमस्कार मोजून दिले होते आणि ताटाविषयी एक ओळ लिहिली नव्हती. माझ्या बापाने जे केले तेच मी चांगल्या मराठीत केले होते.

दुपारी पाने मांडली. तिचा सासरा, नवरा आणि मी. दाराशी तांब्या घेऊन तिची नणंद उभी होती. पोरगी तेरा-चौदा वर्षांची, लांब बाह्यांची चोळी घातलेली, वैशाखाच्या उकाड्यात. ती बाही बघितली आणि मला आक्काची बाही आठवली. मी म्हणालो, "हिला पण बसू द्या आमच्याबरोबर."

सासरा मोठ्याने हसला. "पाव्हणं, पोरीबाळी मागनं जेवतात. तुमच्या म्हाडात काय सायबाची रीत लागली काय?"

"तर मीही मागनं जेवतो," मी म्हणालो आणि हात मागे घेतला.

हसू थांबले. तिच्या नवऱ्याने आक्काकडे पाहिले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. आक्का आतून बाहेर आली, माझ्या पानात भाकरी टाकली आणि दात आवळून म्हणाली, "जेव रे मुकाट. तू उद्याच्या मोटारीनं जाशील. तिला हितंच राह्यचं हाय."

मी जेवलो. तेराव्या वर्षी दूध प्यालो होतो, बाविसाव्या वर्षी भाकरी खाल्ली. पत्रकांनी मला इथवरच आणले होते.

जेवण झाल्यावर पुरुष ओसरीवर लवंडले. मी हात धुवायला मागच्या दाराने गेलो, तर नणंद चुलीमागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. आक्काने कोपऱ्यातली उपडी टोपली उचलली. खाली अख्खी भाकरी होती, दुमडलेली, आत कुळथाचे पिठले. शेजारी वाटीभर दूध. पोरगी एकही शब्द न बोलता भराभर खाऊ लागली. तिला सवय होती ते दिसत होते.

"ही कुठनं आणलीस?" मी विचारले.

"कुठनं म्हंजे? चुलीवरनंच." आक्का दाराकडे लक्ष ठेवून बोलत होती. "सासूचं ध्यान भाकऱ्यांवर असतं. किती झाल्या ते बघते आन बाहेर जाते. मी सगळ्या थोड्या थोड्या पातळ थापते. एक जास्तीची निघते. ती मोजायला यायच्या आधीच काढून ठेवते."

"ही थोराड दिसायला लागली तर?"

"दिसू दे. नवरा बघायला येईपतोर लांब बाह्या हायत की." ती हसली. जुने हसू नव्हते ते, पण हसली.

"आणि तू?"

"माझ्यात नाय आता जात." तिने पोटावर हात ठेवला. "माहेरी गेले की आई दूध देते, तर उलटून पडतं. अर्ध्या भाकरीत पोट भरतं माझं. तेवढंच राह्यलं बघ ते." जणू दुसऱ्या कोणाच्या पोटाविषयी सांगत होती.

नणंदेने वाटी निपटून आक्काच्या हातात दिली. आक्काने ती राखेने घासली, टोपली पुन्हा उपडी ठेवली आणि मला म्हणाली, "हे तुझ्या कागदात घालू नको. घातलंस तर नाव घालू नको, गाव घालू नको."

नाव घातलेले नाही. गाव घातलेले नाही. कशेडीपल्याड गावे पुष्कळ आहेत आणि कुठल्या घरातले पुरुष पातळ भाकरी खातात ते कोणाला शोधायचे असेल तर त्याने आपल्याच घरातल्या भाकरीपासून सुरुवात करावी. आठ पानांच्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती मी महाडच्या खोलीत चुलीला लावल्या.

गिरणीतली नोकरी सुटल्यापासून बाबा वाडीतच असतो. मी घरी गेलो की अजून माझा दंड दाबून बघतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, बघा, दूध अंगी लागले. येत्या शिमग्याला मी जाणार आहे. पालखीची वाट बघत अंगण भरलेले असेल, तेव्हा मी हे वाचून दाखवीन. टोपलीखालचे वाचणार नाही, ते आक्काचे आहे. पण पहिल्या पत्रापासून कासारापर्यंत सगळे वाचीन, मोठ्याने, बाबाची पत्रे वाचून दाखवायचो तसे. आणि त्याला मध्येच उठून जाता येऊ नये म्हणून त्याच्या शेजारी बसून वाचीन.